राहिलेली गूळतुला

शटर अर्ध्यावर जाऊन अडकलं. महबूबचाचांनी खालून खांदा लावला, मी दोन्ही हातांनी वर रेटलं, तेव्हा कुठं ते करकरत सरकलं आणि आतला वास एकदम अंगावर आला. गोणपाटाचा, करडईच्या तेलकट धुळीचा, जुन्या गुळाचा. दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली, आत उंदराला चाखायला दाणा नाही, पण वास काही जागा सोडायला तयार नाही. मी उंबऱ्यातच थांबले. आत जाववेना, बाहेर उभं राहवेना. हल्ली माझं हे असंच चाललंय. घरी असले की कॉलेजात जावंसं वाटतं, वर्गात शिकवत असले की घरी फोन करावासा वाटतो, आणि फोन लावला की अप्पा तो उचलत नाहीत.

अप्पा, माझे वडील, मागं भाड्याच्या जीपमध्ये बसले होते. दार उघडं, एक पाय बाहेर, धोतराचा सोगा धुळीला लागू नये म्हणून मुठीत धरलेला. सास्तूरच्या बाजारात त्यांनी सारा जन्म धान्य जोखलं. दिवाळीपासून ते माझ्याकडे धाराशिवला आहेत, आणि दिवाळीपासूनच त्यांचा सदरा त्यांना जास्त जास्त ढगळ होत चाललाय. डॉक्टरांनी त्यांना वजनाच्या यंत्रावर उभं केलं, आकडा बघितला, मागच्या वेळचा आकडा बघितला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, वजन फार झपाट्यानं उतरतंय, सोलापूरला नेऊन तपासण्या करून घ्या, यात दिवस घालवू नका. मी आत येऊन अप्पांना तसंच सांगितलं. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि दाराकडं निघाले.

"काचंवर हुबं करून वजन करतेत व्हय?" ते म्हणाले. "दुसऱ्या पारड्यात काय ठिवलंय ते दिसत न्हाय, अन् म्हनं वजन. माज्या तागडीवर जोखा मला. तागडीनं सांगितलं तर सोलापूर काय, म्हनशील तिथं येतो."

घरी आल्यावर मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. त्यांनी उलट माझंच शास्त्र माझ्या तोंडावर मारलं. शाळेत असताना मी कधीतरी त्यांना सांगितलं होतं की जितकं उंच जावं तितके आपण पृथ्वीच्या मध्यापासून लांब जातो, तिची ओढ कमी होते आणि वजन कमी भरतं. ते त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलेलं. "धाराशिव डोंगरावर हाय," ते म्हणाले. "तिथं वजन कमी भरनारच. सास्तूरला चल, मंग बग." मी हिशेब करून सांगितलं की एवढ्याशा चढानं माणसाचं वजन घटलंच तर चिमूटभर ज्वारीइतकं घटेल. "चिमूट तर चिमूट," अप्पा म्हणाले. "घटतंय न्हवं?" अकरावीच्या वर्गाला मी दर वर्षी गुरुत्वाकर्षण शिकवते, पण इतका डोक्याला ताप देणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. म्हणून आज ही जीप आणि हे शटर.

तागडी आत भिंतीला टेकवून ठेवलेली होती. दांडी गोणपाटात गुंडाळलेली, साखळ्या गंजून तांबूस झालेल्या, पारडी एकावर एक. पारडी म्हणजे सागवानी चौकोनी फळ्या, चार कोपऱ्यांना चार साखळ्या. मी लहान असताना ही तागडी दुकानाच्या मधोमध तुळईला टांगलेली असायची, आणि मला वाटायचं, आधी तागडी होती, मग तिच्याभोवती दुकान बांधलं. सकाळी अप्पा आधी रिकामी पारडी तोलून बघायचे. एखादं पारडं उगीच झुकलं तर दुसऱ्यात पासंगाचा खडा टाकायचे. काटा मधोमध उभा राहिला की त्याला विभूतीचं बोट लावायचे, आणि मगच पहिलं गिऱ्हाईक. तोवर कुणी घाई केली तर ऐकूच आलं नाही असं दाखवायचे.

माघ-फाल्गुनात नवी ज्वारी यायची. पोत्यात हात घातला की कोपरापर्यंत गार वाटायचं. मग करडई यायची, तिच्या कचऱ्यातले काटे गोणपाटातून बाहेर येऊन पोटऱ्यांना टोचायचे. चैत्रात दुपारी पत्रे तापले की सगळ्या दुकानाला तुरीचा कोंदट वास सुटायचा आणि चिमण्या सांडलेल्या दाण्यांवरून भांडायच्या. आळंदकडचे गाडीवान यायचे, अप्पांशी कानडीत बोलायचे आणि अप्पाही कानडीत बोलता बोलता मोठ्यानं हसायचे. घरात, मराठीत, ते तसं हसत नसत. हसणं त्यांनी त्या भाषेसाठी राखून ठेवलं होतं की काय कोण जाणे.

मोजताना अप्पा 'एक' कधी म्हणत नसत. पहिलं पोतं जोखलं की 'लाभ', मग दोन, मग तीन. महबूबचाचा आमच्या दुकानाचे हमाल, तेही 'एक' म्हणत नसत, ते 'बरकत' म्हणायचे. त्यामुळं एक नावाचा आकडा फक्त पुस्तकात असतो अशी माझी समजूत झाली होती. तिसरीत गुरुजींनी विचारलं, सूर्यापासून पृथ्वी कितवी? मी उभी राहून बोटं मोजली. "लाभ, दोन, तीन. तिसरी." वर्ग खदखदून हसला. गुरुजी म्हणाले, "मग पहिला ग्रह कोणता?" मी म्हटलं, "लाभ." घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता इतकी हसली की भाकरी काटवटीतच फाटली. "बरोबरच हाय की," ती म्हणाली. "सूर्याच्या एवढं जवळ बसाय मिळालं, आनिक कसला लाभ पायजे?"

माझी आई बुटकी होती, किडकिडीत, अप्पांच्या खांद्याच्याही खाली. पण तिच्याजवळ गेलं की सुटून येता यायचं नाही. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जायचं आणि तिथंच संध्याकाळ व्हायची.

गावात एखादं पोर मोठ्या दुखण्यातून उठलं, किंवा नवसानं झालं, की महादेवाच्या देवळात त्याची गूळतुला व्हायची. तागडी आमची आणि जोखणारे अप्पा. चाचा ती मंडपात टांगायचे. एका पारड्यात पोरगं, नवी टोपी घातलेलं, रडवेलं, आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. नियम एकच होता. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं पाहिजे. बरोबरीवर काटा थांबला तरी अप्पांना चालत नसे. गूळ कमी पडला तर नवस फिटत नाही, तो घरून आणून भरून द्यायचा, आणि भरून होईतो पोरानं पारड्यातून उठायचं नाही. एकदा एका घरचा गूळ थोडक्यात कमी पडला. माणूस गूळ आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही, आणि पोरगं पारड्यातच झोपून गेलं. लोक म्हणाले, अप्पा, जाऊ द्या, देव काय काटा बघत बसलाय का. अप्पा म्हणाले, "देव न्हाय बगत. म्या बगतोय न्हवं?" सगळे मंडपात बसून राहिले. शेवटी गूळ आला, पारडं टेकलं, आणि आम्ही पोरं मुंगळ्यांच्या आधी फळीवरचा चुरा वेचायला धावलो.

सगळ्या गावाच्या पोरांची तुला झाली, माझी तेवढी राहिली. लहानपणी मी तापानं फणफणले होते तेव्हा आईनं बोललेली. का राहत गेली ते आता कुणाला सांगता येणार नाही. आई दर वर्षी म्हणायची, "उरकून टाका की. पोरगी वाढायलीय, जितका उशीर तितका गूळ." अप्पा हं म्हणायचे. पण दुपारी दुकानात कुणी नसलं की ते मला एका पारड्यात बसवायचे आणि दुसऱ्यात स्वतः बसायचे. मी सप्‌कन वर जायचे. पाय लोंबकळायचे, पोटात गोळा यायचा, अप्पांची टोपी खाली दिसायची. अप्पा तेव्हा पहाडासारखे होते. ते बसले की पारडं दाणकन टेकायचं आणि मी वर तरंगत राहायचे, ते उठेपर्यंत. "कमी पडलीस," ते म्हणायचे. "जेवत जा." ते उठताना मात्र साखळी धरून हळूहळू उठायचे, म्हणजे मी आपटू नये.

मग भूकंप झाला आणि आई गेली. त्यावर मला लिहिता येत नाही.

तागडी चाचांनी ढिगाऱ्यातून काढली. दांडीला साधा पोचासुद्धा आला नव्हता. लोखंडाला काही झालं नाही याचा मला किती राग आला होता, तो आजही तसाच्या तसा येतो.

पुढची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. तिथंच कुणीतरी आम्हाला शिकवलं की चंद्रावर माणसाचं वजन सहावा हिस्सा भरतं, कारण चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या मानानं फारच कमी. मी पळत दुकानात आले आणि सांगितलं. चाचा पाठीवर पोतं घेऊन उभे होते. "या अल्ला," ते म्हणाले, "मंग बेटी, मला तिकडंच हमाली लावून दे. एका येळला पाच-पाच पोती उचलतो."  त्या वर्षांत अप्पा बोलतच नसत. काट्याकडं बघत राहायचे, पोतं उतरलं तरी बघत राहायचे.

पुढं कॉलेजात एकदा तास चालू असताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चंद्रावर पोत्याचं वजन घटेल, पण समोरच्या लोखंडी वजनांचंही तेवढंच घटेल. म्हणजे अप्पांची तागडी चंद्रावर टांगली काय आणि गुरूवर टांगली काय, काटा तेच सांगणार. स्प्रिंगचा काटा फसेल, यंत्र फसेल, तागडी फसणार नाही, कारण ती ओढ मोजतच नाही, ती फक्त दोघांना समोरासमोर बसवते. हे आत्ताच्या आत्ता अप्पांना सांगावं म्हणून मी एसटीडी बूथवर रांगेत उभी राहिले. फोन लागला. अप्पा म्हणाले, "जेवलीस का?" मी जेवले म्हटलं. त्यांनी ठेवून दिला.

त्याच वर्षी शनीचं गणित शिकले. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या नव्वदपटीहून जास्त. वाटावं, तिथं गेलं तर आपण चिरडूनच जाऊ. तिथं उभं राहायला जमीन नाही हा भाग वेगळा, पण असती तर आपलं वजन तिच्यावर जवळजवळ इथल्याइतकंच भरलं असतं. कारण शनी नुसता जड नाही, अवाढव्यही आहे, आणि अंतर मोजायचं ते मध्यापासून. त्याच्या अगदी अंगाला खेटून उभं राहिलं तरी मध्य कुठल्या कुठं राहतो. बुध आणि मंगळाचंही तसंच. मंगळात बुधाच्या दुप्पट ऐवज, पण मंगळ मोठा, म्हणून दोघांवर वजन सारखंच भरतं. मी ते गणित सोडवलं आणि वही मिटून वसतिगृहाच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिले. आई एवढीशी होती आणि तिच्या मध्यापर्यंत हात पोचायचा. अप्पा एवढे मोठे की त्यांच्या कुशीत बसूनही मी लांबच होते. मला त्यांचा राग होता आणि त्यांच्याशिवाय मला कुणी नव्हतं, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या.

अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई उरते, तिप्पट झालं की नववा हिस्सा. शून्य मात्र कधीच होत नाही, कितीही लांब गेलं तरी. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि लिहून झालं की जरा वेळ मुलांकडं पाठ करूनच उभी राहते. मुलांना वाटतं, मॅडम आकडा तपासतायत.

"बेटी, धर जरा," चाचा म्हणाले. आम्ही दोघांनी दांडी छताच्या आकड्याला अडकवली.  साखळ्या उलगडल्या, पारडी लोंबली, गंजाचा भुगा खाली पडला. अप्पा काठी टेकत आत आले आणि त्यांनी पहिल्यांदा काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वजनं काढ, महबूब."

चाचांनी रिकामे हात पुढं केले. मग म्हणाले, "वजनं कुठली आता, अप्पासाब? कवाच भंगारात गेली. तुम्हीच द्या म्हनला व्हता."

मी रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर मटकन बसले आणि लगेच उठले. इतक्या लांब येऊन, चार दिवस वाया घालवून, आता ही तऱ्हा. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. अप्पांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली, आणि त्या सुटकेची मला भीती वाटली. वजनं नाहीत म्हणजे जोखणं नाही, जोखणं नाही म्हणजे सोलापूर नाही, आणि मग एक दिवस हा सदरा नुसताच खुंटीला राहील. माझ्या मनात हे इतकं स्वच्छ आलं की मी जोरात बोलले.

"त्या दवाखान्यातल्या यंत्रावर मीपण उभी राहिले होते, अप्पा. ते म्हणतं, मी तुमच्यापेक्षा जड आहे. मी बसते दुसऱ्या पारड्यात. यंत्र खोटं असलं तर तुम्ही खाली जाल. मग मी सोलापूरचं नाव काढणार नाही."

अप्पा हसले. कानडीतलं हसले.

"तू? तू माज्या पासंगालाबी पुरनार न्हाईस."

पण ते तयार झाले. आधी रिकामी पारडी तोलून बघितली. डावं किंचित झुकत होतं, तर उजव्यात खिशातली सुपारी ठेवली. काटा मधोमध आला. कनवटीची डबी काढून त्यांनी काट्याला विभूतीचं बोट लावलं. बाहेर हॉर्न वाजतच होता. मी घाई केली नाही, केली असती तरी त्यांना ऐकू आली नसती.

चाचांनी दोन्ही पारड्यांखाली गोण्यांच्या घड्या सारल्या, म्हणजे कुणी आपटू नये. अप्पांना धरून उजव्या फळीवर बसवलं. ते मांडी घालून, साखळी धरून बसले, पूर्वी बसायचे तसेच. चाचांनी दांडी धरून ठेवली, मी डावीकडं बसले. अंग चोरून बसले, जणू त्यानं काही फरक पडणार होता. या क्षणासाठीच मी भांडभांड भांडले होते, आणि आता मला वाटायला लागलं की हरावं. यंत्र खोटं निघावं. अप्पांनी दाणकन खाली जावं आणि मी वर उडावं, पाय लोंबकळावेत, पोटात गोळा यावा. हे मी मनातल्या मनात महादेवाला म्हटलंसुद्धा. मी गुरुत्वाकर्षण शिकवते आणि मी असं म्हटलं.

"सोड," अप्पा म्हणाले. चाचांनी दांडी सोडली.

माझं पारडं खाली गेलं. सावकाश गेलं आणि गोणीवर टेकलं. अप्पा वर गेले. त्यांनी मांडी सोडली होती, त्यांचे दोन्ही पाय फळीवरून खाली सुटले आणि हवेत तसेच राहिले, एका पायातली चप्पल गळून पडली. मी त्या पायांकडं बघत होते. इतके बारीक पाय मी कुणाचे बघितले नव्हते. चंद्रावर नेऊन जोखलं असतं तरी काट्यानं हेच सांगितलं असतं.

 जीपवाल्यानं हॉर्न थांबवला होता. अप्पा बराच वेळ काट्याकडं बघत राहिले. मग म्हणाले,

"महबूब, गूळ कमी पडला रे."

चाचांना कळलं नाही. "कसला गूळ, अप्पासाब?"

"हिची तुला राहिली व्हती. हिच्या मायनं बोललेली." ते माझ्याकडं बघत नव्हते. "गुळाच्या पारड्यात म्या बसलो, आज झाली असती. कमी पडला."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिनंच डोळे पुसले. 

"कमी पडला तर भरून द्यावा लागतोय," अप्पा म्हणाले. "न्हाईतर नवस फिटत न्हाय. सोलापूरला कवा निगायचं, माय?"

"आत्ता," मी म्हटलं आणि उठायला गेले. अप्पांनी वरूनच हात केला.

"बस. गूळ भरंस्तवर पोरीनं उठायचं नसतंय. अन् तू उठलीस तर म्या पडतो की."

चाचा त्यांना उतरवायला स्टूल आणायला गेले. मी साखळी घट्ट धरली आणि बसून राहिले.